पंखा बंद असतानाचा आवाज

“हा आवाज कधीपासून आहे यांचा?” बुलढाण्याच्या दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरनं विचारलं आणि माझी वहिनी अगदी खात्रीनं म्हणाली, “तो त्यायचा नाही साहेब, तो लॅपटॉपचा पंखा होय.” डॉक्टर गोंधळून आमच्याकडं पाहत राहिला. खोलीत लॅपटॉप नव्हता. खाटेवर तीन उशांना टेकून माझा दादा बसला होता, कारण आडवं झालं की त्याचा जीव घाबरा व्हायचा, आणि त्याच्या छातीतून एक घरघर येत होती, जात होती, पुन्हा येत होती. वहिनीनं ती ओळखली होती. सबंध उन्हाळा तिनं तीच घरघर हेडफोनमधून ऐकली होती आणि सबंध उन्हाळा आम्ही सगळे तिला पंखा म्हणत होतो. दादानं डोळे मिटून घेतले. त्याच दिवशी त्याला संभाजीनगरला हलवलं. मी रात्रीपुरती चिखलीला घरी परतले, आणि सकाळी चहाचं आधण ठेवलेलं असताना भाच्याचा, मिलिंदचा फोन आला. “आत्या, पप्पा...” एवढंच बोलला तो. हृदय मोठं झालं होतं, छातीत पाणी साचलं होतं, हे सगळं मागाहून कळलं.

वहिनीच्या त्या उत्तराला हसणारे भेटले मला. बाराव्याला नव्हे, त्याच्या आधीच, पोर्चमध्ये उभं राहून दोघं-तिघं कुजबुजत होते, की बाईला नवऱ्याचा श्वास आणि मशीनचा पंखा यातला फरक कळू नये म्हणजे कमाल झाली. मी त्यांना तिथल्या तिथं झाडलं. शाळेत जन्म गेला माझा पोरं गप्प बसवण्यात, मोठ्यांना गप्प बसवायला काय लागतं! पण तेव्हा नुसती झाडाझडती झाली, सांगायचं राहूनच गेलं. ते आता सांगते. झालं काय ते नीट ऐकलं, तर त्या खाटेशेजारी उभं राहून तुम्हीसुद्धा पंखाच म्हटलं असतं.

माझा दादा उत्तम. चिखलीच्या आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, निवृत्त झाल्यावर उंद्रीला गावच्या घरी राहायला गेला. गाव त्याला ‘उत्तम सर’ म्हणायचं, मी दादा म्हणायचे आणि तो मला ‘छबे’ म्हणायचा, माझे केस पिकले तरी. हट्टी होता. म्हणजे किती, तर लहानपणी एकदा आईनं त्याला म्हटलं, की ही कढई घासून कुणाला चकचकीत करता आलेली नाही, तर हा बाबा दुपारभर राख घेऊन तिच्यामागे लागला आणि शेवटी कढईला भोक पडलं. आई रडावं की हसावं अशा अवस्थेत, आणि दादा म्हणतो, “पण चमकली का नाही?” त्याचं सगळं असंच असायचं. हातात घेतलं की तडीला न्यायचं, मग भोक पडो.

आता आमच्या वस्तीतली एक रीत सांगायला हवी. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागतो तो आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत. या दिवसांत विहारात रोज संध्याकाळी वंदना होते आणि मग एक जण ग्रंथ वाचतो, बाकीचे ऐकतात. उंद्रीच्या आमच्या विहारात वाचणारा वर्षानुवर्षं एकच, दादा. नोकरीत असतानाही तो संध्याकाळची बस धरून यायचा आणि वाचून परत जायचा. वाचण्यात नाटकीपणा नाही, रडका सूर नाही. पाणी प्यायल्यासारखं सरळ वाचायचा. अवघड वाक्य आलं की दोनदा वाचायचा, पण समजावून सांगायचा नाही. मी एकदा टोकलं तर म्हणाला, “मी काऊन समजावू? त्यायले काय डोकं नाही का? दुसऱ्यांदा वाचलं का बरोब्बर समजते.” आणि खरंच समजायचं. पांढरी लुगडी नेसून बसलेल्या बाया माना डोलवायच्या आणि घरी जाताना त्यावर भांडायच्यासुद्धा.

पण वर्षावास येतो तोच नेमका निंदणाच्या दिवसांत. सोयाबीनमधलं गवत कुणासाठी थांबत नाही. बाया शेतातून येतात त्या पाठ मोडून, कुणी विहारात बसल्या बसल्या पेंगते, कुणी येतच नाही. गेल्या वर्षी समारोपाच्या खिरीला सीतामावशी, आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई, दादाला म्हणाली, “उत्तम, अर्ध पुस्तक मले समजलं, अर्ध निंदनात गेलं रे बाप्पा. आता पुढच्या साली मी राह्यते का नाही.” झालं. ती कढई दादानं पुन्हा हातात घेतली. सगळा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत आवाजात भरायचा, आणि पुढच्या आषाढी पौर्णिमेच्या आत भरायचा. बायांच्या मोबाइलमध्ये टाकून द्यायचा, निंदता निंदता ऐकतील. ज्या संध्याकाळी कुणाला येता येणार नाही तिला दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या तासात उभं राहून ऐकता येईल. “सीतामावशीनं म्हटलं नाही पाह्यजे, का अर्ध राह्यलं,” एवढंच त्याचं म्हणणं.

मोबाइलवरच बोल की मग, असं मी म्हटलं. चार माणसांनी म्हटलं. पण दादाला ते पटेना. मोबाइलवर मध्येच फोन येतो, चूक झाली तर नेमकी तेवढीच खोडता येत नाही, आवाज बसका येतो. त्याच्याकडं लॅपटॉप होता, मिलिंदनं पुण्याहून आणलेला, कुणीतरी वापरून टाकलेला, काळा आणि उखळासारखा जड. मुळातली यंत्रणा त्यात इतकी हळू चालायची की सुरू करून अंघोळीला जावं. दादानं ती पुसून टाकली आणि लिनक्स बसवलं. फुकट मिळतं, कुणाच्याही मालकीचं नाही, आणि पोटात काय चाललंय ते उघडं दाखवतं, या तिन्ही गोष्टी त्याला फार आवडायच्या. तिसरी सगळ्यात जास्त. मला बसवून दाखवायचा. काळ्या खिडकीत ‘सेन्सर्स’ असं टाइप करायचं, की मशीनच्या आतलं तापमान आणि पंख्याचे मिनिटाचे फेरे यांचे आकडे एकाखाली एक उतरायचे. मग त्यानं ते आकडे पडद्याच्या कोपऱ्यात कायमचेच लावून ठेवले. गेल्या गेल्या सांगायचा, “आज सकाळीच पंचावन्नवर उठलं, पाह्य.” मी म्हणायचे, “तुझं बीपी किती आहे ते सांग, त्याचं राहू दे.” तो हसायचा आणि पंख्यातला कापसाचा पिंजका काढून दाखवायचा. आमच्याकडची धूळ ती, सरकीसकट आत जाते.

भरायला सुरुवात केली फाल्गुनात आणि पहिल्याच पानाला पंखा आडवा आला. गळ्याशी, सदऱ्याला चिमट्यानं लावायचा माइक होता त्याच्याकडं, फार तिखट कानाचा. दादा वाचायला लागला की मशीन तापायचं, पंखा सुटायचा आणि ध्वनीत सूं सूं शिरायची. लॅपटॉप लांब ठेवून लांब वायर जोडून पाहिली, तर वायरीतून विजेची गुणगुण यायला लागली. शेवटी त्यानं पंखाच ताब्यात घेतला. मशीनला आपोआप वाटेल तेव्हा पंखा फिरवण्याचा जो अधिकार असतो तो काढून घ्यायचा आणि आपल्या हातात घ्यायचा, अशी एक सोय असते. ती चालू करताना पडद्यावर सूचना येते, की यानं मशीन जळालं तर आम्ही जबाबदार नाही. दादानं मला ती सूचना कौतुकानं वाचून दाखवली. मग त्याची पद्धत बसली. आधी पंखा पूर्ण जोरात सोडून मशीन गार करायचं. मग पंखा शून्यावर. मग वाचायचं, एक डोळा ग्रंथावर आणि एक डोळा कोपऱ्यातल्या आकड्यावर. पंच्याऐंशी झाले की बोट वर करून थांबायचं, पंखा सोडायचा, पाणी प्यायचं, मशीन उतरेस्तोवर बसायचं, आणि पुन्हा. फाल्गुनात एका बैठकीत तीन तीन पानं व्हायची.

मग उन्हाळा चढला. उंद्रीचा उन्हाळा म्हणजे सांगायलाच नको, पत्रा दुपारी हाताला चटका देतो. दादाला भरायला दुपारच सोयीची, कारण सकाळी नळाची भांडी आणि ट्रॅक्टर, संध्याकाळी पोरांचा कालवा. दुपारी गाव निपचित. पण खोलीच तापलेली, तर मशीन गार व्हायचं कुठून? तीन पानांची दोन झाली, दोनाचं एक, आणि वैशाखात अर्ध्या पानाला बोट वर जायला लागलं. मला वाटायचं, की मशीन दमलं की दादा थांबतो. तसं ते दिसायचंही. बोट वर, पंखा सोडलेला, आणि हा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत मान खाली घालून बसलेला. पाच-सात मिनिटं तो काहीच बोलायचा नाही. मशीन उतरलं तरी कधी कधी बसून राहायचा. वहिनी म्हणायची, “अहो, उतरलं ना ते.” तो म्हणायचा, “थांब, अजून थोडं उतरू दे.”

आणि त्याच सुमाराला ध्वनीत तो दुसरा आवाज आला. फार बारीक. एका दुपारी वाचलेलं तपासताना दादाला तो शब्दांच्या मधल्या जागेत ऐकू आला. घरघर, थांबा, घरघर, थांबा. कोपऱ्यात पंखा शून्य दाखवत होता, म्हणजे पंखा फिरायलाच नको होता. पण आवाज तर अगदी पंखा सुरू होऊन बंद पडावा तसा, पुन्हा सुरू होऊन पुन्हा बंद पडावा तसा. दादानं वहिनीला ऐकवलं, ती म्हणाली पंखाच आहे. मी रविवारी गेले तेव्हा मला ऐकवलं, मीही तेच म्हटलं. आणि मुख्य गोष्ट ही, की खोलीत बसून तो आवाज कुणालाच येत नव्हता. कान लावून बसलो आम्ही. काही नाही. हेडफोन घातला की मात्र तो हजर. जे खोलीत नाही आणि मशीनमध्ये आहे, ते मशीनचंच असणार, हे कुणीही म्हणेल. माइक दादाच्या छातीवर आहे, हे आम्हा तिघांच्याही डोळ्यांसमोर होतं. पण माइक वाचणाऱ्याच्या अंगावरच असतो, त्यात काय पाहायचं?

दादानं मशीन उघडलं. पंखा काढून, पुसून, तेलाचा थेंब देऊन बसवला. तांब्याच्या पट्टीखालचं, उष्णता वाहून नेणारं वाळलेलं मलम खरवडून नवं लावलं. आकडे सुधारले, बैठक पाऊण पानावर गेली, आणि आवाज तसाच. त्यानं ताबा घेण्याची ती सगळी मांडणी पुसून पहिल्यापासून लिहिली. पंखा शून्य. आवाज तसाच. मग त्याला वाटायला लागलं की मशीन खोटं बोलतंय, शून्य दाखवून चोरून पंखा फिरवतंय. एका दुपारी त्यानं पंख्याची वायरच उपटली. पंखा मेलेला, मशीन भराभर चढत नव्वदीच्या पुढं निघालेलं, आणि हा वाचतोय. वहिनीनं ओरडून थांबवलं. ते तपासलं, तर घरघर होतीच. ते ऐकवताना दादाचा चेहरा मी पाहिला. मला तो आवडला नाही. घाबरलेला नव्हता तो, पण घरात साप शिरलाय आणि दिसत नाही, असं माणूस कोपरे बघत फिरतं ना, तसा.

“एकेक बंद करत जायचं,” तो म्हणाला. आयटीआयच्या पोरांना तो हेच शिकवायचा. बिघाड सापडत नसला की अंदाज बांधत बसू नका, एकेक गोष्ट बंद करा. जे बंद केल्यावर खोड थांबते ते खोडीचं मूळ. त्यानं घरातला फ्रिज बंद केला. छताचा पंखा तर बंदच असायचा. इन्व्हर्टर बंद केला. मग भिंतीपलीकडच्या कांताबाईचा कूलर त्याच्या मनात भरला. कांताबाई तोंडाची फाटकी पण जिवाची बाई. ती म्हणाली, “सर, बंद करते ना. आमच्यासाठीच तं वाचून राह्यले तुम्ही.” तिचा बंद झाला, फरक पडला नाही. मग समोरच्यांचा, मग त्यांच्या शेजारच्यांचा. वैशाखाच्या ऐन दुपारी, जेव्हा कूलरपुढून माणूस उठत नाही, तेव्हा आमच्या गल्लीनं तासभर कूलर बंद ठेवायला सुरुवात केली. पिठाची गिरणी तेवढा वेळ थांबायची. सीतामावशी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून दाखवायची. रोज. कुणी कुरकुर केली नाही. मी एकदा त्या वेळेला बसमधून उतरून गल्लीत शिरले. दारं उघडी, आत माणसं घामानं निथळत भिंतींना टेकून बसलेली, पोरं मांडीवर, आणि कुठं म्हणजे कुठं आवाज नाही. आख्खी गल्ली दादाच्या आवाजाची वाट बघत श्वास धरून बसलेली आणि घरातून फक्त त्याचं वाचणं येत होतं, संथ, सरळ. ते संपल्यावर कूलर एकामागून एक सुरू झाले. दादानं हेडफोन लावला, ऐकलं, आणि काढून ठेवला. कांताबाईनं दारातून विचारलं, “गेला का सर?” तो मान हलवून नाही म्हणाला. तिनं इकडं-तिकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला, “सर, मले तं वाटते तुमच्या घरात काई तरी हाय.” दादा चिडला. असल्या गोष्टींवर तो फार चिडायचा. “काई नाही घरात. आवाज हाय तं त्याले मूळ असंनच.” ती गेली, पण जाताना उंबऱ्याकडं बघत. मला तेव्हा हसू आलं होतं.

चार-सहा दिवसांनी त्याचा मला फोन आला. “छबे, सापडला वं आवाज.” मी म्हटलं, सुटलास, काय होतं? म्हणाला, “काई नाही, एक जुना भाग होता, ढिल्ला झालेला. आता त्याले काई करता येत नाही, चालवून घ्यायचं.” गल्लीला त्यानं सांगून टाकलं, कूलर लावा, आता बंद ठेवायची गरज नाही. बाया खूश. आणि नवल म्हणजे, जो माणूस पंख्याच्या सुईएवढ्या आवाजासाठी जीव टाकत होता, त्यानं पंख्यावरचा ताबाच सोडून दिला. पंखा पूर्ण जोरात, सतत. वरून कांताबाईचा कूलर भिंतीतून घों घों. आणि हा त्या गोंगाटात बसून वाचायचा. मी म्हटलं, “अरे, मग एवढं रामायण कशासाठी केलं होतंस?” तर म्हणे, “राहू दे, त्या बायांना उकडते. शब्द ऐकू येतात ना? बस झालं.” आता मशीन तापायचा प्रश्न नव्हता, तेव्हा वाचन भराभर व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. तो अजूनही अर्ध्या पानाला बोट वर करायचा, कोपऱ्यात पन्नास असले तरी.

जेठात त्याचे पाय सुजले. चप्पल घालायची सोडून वहिनीच्या मोठ्या स्लिपर घालायला लागला. रात्री आरामखुर्चीत झोपायला लागला, म्हणे पलंगावर उकडतं. मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. गाडी करून आणली होती मी, दाराशी उभी होती, डॉक्टरला फोन केला होता. दादा म्हणाला, “पुस्तक झालं का तू म्हणशील तिथं येतो, छबे. आता गेलो तं मले झोपवतील ते. बोलू देणार नाहीत.” मी म्हटलं, “नाही बोललास तर काय आभाळ कोसळणार आहे? पुढच्या वर्षी वाच.” त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, “सीतामावशी पुढच्या साली राह्यली पाह्यजे ना.” गाडी रिकामी परत गेली, आणि गाडीवाला माझ्यावरच चिडला.

पौर्णिमेला तीन आठवडे असताना ग्रंथ संपला. वहिनी सांगते, की शेवटचं वाक्य झाल्यावर त्यानं माइक सदऱ्यावरून काढला, मशीन मिटवलं आणि म्हणाला, “आता छबीले फोन लाव.” दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दवाखान्यात होतो. पुढचं सांगून झालंय.

दिवसपाणी आटोपल्यावर मिलिंदनं लॅपटॉप उघडला. त्याला वाटलं, पप्पांचं काम स्वच्छ करून बायांना द्यावं. आवाज साफ करण्याचं काहीतरी असतं त्याच्याकडं. एकसुरी आवाज ते ओळखतं आणि गाळून टाकतं, बोलणं तेवढं ठेवतं. मी शेजारी बसले होते. शेवटच्या प्रकरणांतला पंखा त्यानं गाळला. मग कांताबाईचा कूलर गाळला. आणि त्या दोन्हींच्या खाली ती होती. घरघर. वैशाखात होती त्याच्या कितीतरी पट मोठी, ओली, प्रत्येक शब्दाच्या मागे लागलेली. मिलिंदचा हात तिथंच थांबला. पंखा बायांना उकडतं म्हणून सोडलेला नव्हता. त्याच्याखाली झाकायला सोडलेला होता.

मग आम्ही मागं मागं गेलो. मला पाहायचंच होतं, की याला कळलं कधी. सापडलं ते शांत गल्लीच्या दिवसांतलं एक पान. वाचता वाचता दादा एका वाक्याच्या मध्यावर थांबतो. घरघर चालू आहे, येते, जाते, येते. आणि मग ती बंद होते. पंखा बंद, फ्रिज बंद, गल्लीभरचे कूलर बंद, गिरणी बंद, आणि आता तीसुद्धा बंद. इतकी शांतता त्या सगळ्या ग्रंथात दुसरीकडं कुठंही नाही. ती लांबते, लांबते... आणि मग एक मोठा श्वास येतो आणि त्याच्या मागोमाग घरघर. त्यानं पुन्हा श्वास धरला. पुन्हा सगळं बंद. पुन्हा सोडला. एकेक बंद करत तो शेवटच्या गोष्टीपर्यंत आला होता, आणि पक्का मास्तर, एकदा करून त्याचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा करून पाहिलं. मग तो अगदी हळू “हं” म्हणतो. आणि राहिलेलं अर्धं वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचलून पूर्ण करतो. आवाज हलतसुद्धा नाही. खुर्चीवरून उठून मी मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. रडू नव्हतं येत, संताप येत होता. सगळी गल्ली तुझ्यासाठी घाम गाळत बसली होती रे, भिंतीपलीकडं कांता होती, स्वयंपाकघरात वहिनी होती, मी एका फोनवर होते, आणि तू म्हणालास काय, तर “हं”!

मिलिंदनं विचारलं, आत्या, हे कापू का? बायांना कळणार नाही. मी त्याला सांगितलं, काही कापू नकोस आणि काही गाळूही नकोस, पंखा असू दे, कूलर असू दे, सगळं दे. आषाढी पौर्णिमेपासून विहारात रोज संध्याकाळी दादाचं वाचन लागतंय. एक छोटा स्पीकर आणलाय. चिखलीहून मी रोज जाऊ शकत नाही, पण ते पान कुठल्या दिवशी येणार हे मी मिलिंदकडून काढून घेतलं होतं आणि त्या दिवशी गेले. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, सीतामावशी भिंतीशी टेकून बसली. दादा वाचत होता. वाक्याच्या मध्यावर तो थांबला, घरघर दोन-तीनदा आली-गेली, आणि मग स्पीकरमधून काहीच येईना. बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. लाइट गेली का, कुणीतरी पुटपुटलं. सेल उतरला असंन, दुसरी म्हणाली. कांताबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि स्पीकर हलवायला निघाली. मी तिच्या लुगड्याचा पदर धरून तिला खाली ओढलं.

“बस वं कांता,” मी म्हटलं. “बंद नाही पडलं. दादा ऐकून राह्यला.”